बुद्धी घटली म्हणून समाज आजपुरता पाहतो का? मराठवाड्याच्या पाण्यावरून सुचलेले प्रश्न

मांजराकाठ (धागालेखक, लातूर)

"मराठवाड्याचं पाणी पाऊस कमी पडला म्हणून संपलं नाही, लोकांची अक्कल कमी झाली म्हणून संपलं," असं आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी लिहिलं आणि सोबत नॉर्वेतल्या घटत्या बुद्ध्यांकाचा आलेख जोडला. त्यावर दोन दिवस वाद झाला. ग्रुपवर नीट लिहिता येत नाही, म्हणून इथे मांडतो.

आधी आलेखाबद्दल, कारण तो खोटा नाही. नॉर्वेत लष्करभरतीच्या वेळी तरुणांची बुद्धिमापन चाचणी होते आणि त्याच्या नोंदी अनेक दशकांच्या आहेत. ब्रॅट्सबर्ग आणि रोगेबर्ग या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये १९६२ ते १९९१ या काळात जन्मलेल्यांचे गुण तपासले. १९७५ च्या आसपास जन्मलेल्यांपर्यंत गुण चढत गेले, नंतर उतरू लागले. डेन्मार्क आणि फिनलंडमध्येही उतार दिसला आहे. त्याआधी जवळपास सगळं विसावं शतक उलटी गोष्ट घडत होती. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अमेरिकेत दर दहा वर्षांनी सरासरी तीनेक गुणांची वाढ होत होती.

आता यावरून काढला जाणारा निष्कर्ष असा: बुद्धी घटली की माणसाचा धीर घटतो, धीर घटला की तो उद्याचं आज खातो, आणि असे लोक बहुसंख्य झाले की सरकारही ऋण काढून सण साजरे करतं. ऐकायला पटतं. मला मात्र पटलेलं नाही, आणि कारण माझ्या स्वतःच्या शहरात आहे.

एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं, टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागलेली, आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याच लातूरचं नाव तोवर राज्यभर कशासाठी गाजत होतं? लातूर पॅटर्नसाठी. बोर्डाची गुणवत्ता यादी असो की वैद्यकीय प्रवेश, चाचणीत गुण कसे मिळवायचे हे आमच्याकडून शिकायला दुसऱ्या जिल्ह्यांतली मुलं खोल्या भाड्याने घेऊन राहतात. गुण आणि दूरदृष्टी बरोबरीने चालत असती तर रेल्वेने पाणी मागवायची वेळ निदान आमच्यावर तरी यायला नको होती.

आणि आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. राज्याच्या पाणी आणि सिंचनाचा अभ्यास करणाऱ्या चितळे आयोगाने १९९९ मध्ये पाण्याची तूट असलेल्या खोऱ्यांत उसासारखी पिकं नकोत असं बजावलं होतं. अहवाल वाचणारे, समजणारे, त्यावर भाषणं देणारे भरपूर होते. समजलं नाही म्हणून ऊस वाढला असं कुणी म्हणू शकेल का?

माझं म्हणणं एवढंच की समाज आखूड नजरेचा होतो तो उद्यावरचा भरवसा उडाल्यामुळे. अक्कल तिथेच असते, फक्त ती आजचा दिवस काढण्यात खर्ची पडते. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पण कृपया "आजकालच्या पोरांना काही कळत नाही" एवढ्यावर थांबू नका.

गोदाकाठचा (नांदेड)

धागा चांगला आहे, पण तुम्ही त्या स्नेह्यांचं म्हणणं फार लवकर मोडीत काढलंत. नॉर्वे एकटा नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी होते. २०२२ च्या पिसा चाचणीत विकसित देशांचे गणिताचे सरासरी गुण २०१८ पेक्षा पंधराने खाली गेले. कोविड हे एक कारण, पण काही देशांत घसरण त्याआधीच सुरू झाली होती. लांबलचक मजकूर शेवटपर्यंत वाचणं, त्यातला युक्तिवाद डोक्यात धरून ठेवणं, ही ताकद कमी होतेय हे मी रोज पाहतो. माझं पुस्तकांचं दुकान आहे. वीस वर्षांपूर्वी दहावीतली मुलं उभ्याने कादंबरी चाळायची, आज पालकच "अपेक्षित प्रश्नसंच आहे का" एवढंच विचारतात. ज्याला चार पानं पुढचं वाचवत नाही तो चार वर्षं पुढचं धरण काय वाचणार?

लातूर पॅटर्नचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. पाठांतराला तुम्ही बुद्धी म्हणताय.

आकडेमोड (छत्रपती संभाजीनगर)

दोघांच्याही मधलं थोडं सांगतो.

बुद्धिमापनातले गुण आणि धीर यांचा संबंध आहे, तो नाकारून चालणार नाही. आज हजार घेता की वर्षाने दीड हजार, अशा प्रश्नांवर झालेले कितीतरी अभ्यास शामोश आणि ग्रे यांनी २००८ मध्ये एकत्र केले. जास्त गुणवाले जास्त थांबतात, पण सहसंबंध (शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणी) निघाला ०.२३ च्या घरात. त्याचा वर्ग केला तर माणसामाणसातल्या फरकाचा जेमतेम पाच टक्के भाग बुद्धीच्या खात्यावर जातो. उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांवर कुणी आलेख पाठवत नाही.

दुसरं, नॉर्वेची घसरण सख्ख्या भावाभावांतही दिसली. एकाच आईबापाचा धाकटा मुलगा थोरल्यापेक्षा कमी गुण मिळवतो. याचा अर्थ कारण रक्तात नाही, वाढीच्या परिस्थितीत आहे: शाळा, सवयी, माध्यमं, काय ते. हे ठळक सांगायचं कारण असं की अशा चर्चेत कुणीतरी हळूच "नको त्या लोकांची लेकरं जास्त झाली" इथवर येतंच. गाल्टनने १८८३ मध्ये सुप्रजननाला, म्हणजे "चांगल्या" रक्ताची प्रजा वाढवायच्या विचाराला, नाव दिलं तेव्हापासून हा रस्ता ठरलेला आहे, आणि आपल्याकडे तो थेट जातीत जाऊन उतरतो. नॉर्वेचे आकडे त्या रस्त्याला आधार देत नाहीत.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या नॉर्वेचे गुण घसरले, त्याच नॉर्वेने तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी बाजूला ठेवला. १९९० मध्ये कायदा, १९९६ मध्ये पहिला भरणा, आणि आज तो जगातला सर्वांत मोठा सरकारी निधी आहे. गुण खाली आणि नजर लांब, दोन्ही एकाच देशात, एकाच काळात.

गोदाकाठचा

सर, तो निधी उभारला कुणी? १९९० ला सत्तेत असलेली माणसं १९७५ च्या कितीतरी आधी जन्मलेली, म्हणजे चढत्या काळातली. उतरत्या काळातली पिढी आता कुठे चाळिशी-पन्नाशीत येऊन खुर्चीवर बसतेय. आजोबांनी लावलेल्या आंब्याची सावली दाखवून नातू मेहनती आहे असं म्हणता येत नाही. अजून वीस वर्षांनी बोलू.

आकडेमोड

मुद्दा दमदार आहे. फक्त एक जोडतो. निधीतून वर्षाला किती काढायचं त्याचा दंडक २००१ मध्ये चार टक्के ठरला होता, तो २०१७ मध्ये तीनवर आणला. म्हणजे मधल्या काळात हात सैल झाला नाही, आखडला गेला. मतदारांत तोवर १९७५ नंतरचे बरेच होते. नियम एकदा पक्का बसला आणि तो पाळला जातो हे लोकांनी पाहिलं, की प्रत्येक माणसाने वेगळं शहाणं असायची गरज उरत नाही.

तेरणामाय (कळंब, धाराशिव)

मी शेतकरी, दोन एकर ऊस हाय. ज्याच्याबद्दल समदे बोलायलेत त्यानं पण बोलावं म्हणून लिहायलो.

ऊस पाणी पितो हे आमाला ठाव हाय. कुणी सांगायची गरज नाही, रात्री दोन वाजता मोटार चालू करायला मीच जातो. पण माझा हिशोब ऐका. २०२४ च्या हंगामात सोयाबीनला हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल. बाजारात बहुतेक दिवस त्याच्याखालीच गेलं. हमीभाव केंद्रावर न्यावं तर आधी बारा टक्के ओलाव्याची अट, मग बारदाना नाही, मग नंबर येईना. घरात लेकीची फी भरायची होती, आडत्याला दिलं. तेच उसाला एफआरपी, म्हंजी कारखान्यानं द्यायचाच असा सरकारनं ठरवलेला भाव, तवा ३४० रुपये क्विंटल होता, कायद्यानं चौदा दिवसांत. कारखाना चौदा दिवसांत देत नाही, पण देतो. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो, पाऊस महिनाभर लांबला तरी मरत नाही, बँक पण उसाला कर्ज लवकर देते. मला सांगा यात बेअक्कल काय हाय? ज्या पिकाचा पैसा नक्की, ते मी लावतो.

आता बोअरचं. माझा बोअर तीनशे फुटांवर होता, दीड इंच पाणी. शेजारच्या वावरात गाडी आली. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली होती, ती माझ्या बांधापासून चाळीस पावलांवर. रातभर गाडी चालली, सकाळी माझ्या तुरीवर पांढरा धुरळा बसलेला. साडेसहाशे फूट गेले. त्याला पाणी लागलं आणि पंधरा दिवसांत माझा बोअर गुळण्या करायला लागला. मी पाणी वाचवून ठेवलं असतं तर कुणासाठी ठेवलं असतं? त्याच्यासाठी. मग मी पण सहाशेवर गेलो, सोसायटीचं कर्ज काढून. दोघांना पण ठाव होतं की खालचं पाणी एक दिवस संपणार.

मांजराकाठ

तेरणामाय दादा, हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या तोडीचा आहे. आलेख पाठवणाऱ्या स्नेह्यांना तो तसाच वाचून दाखवणार आहे.

२००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. तुमच्या दोन्ही बांधांवर ते तिप्पट ओलांडलं गेलं आणि कुणी विचारायला आलं नाही. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत. शेतकऱ्याला दिलासा मिळाला हे खरं, पण पाणी उपसायचा खर्च शून्यावर आणून ठेवायचा आणि मग "लोक उपसतात" म्हणून कपाळाला हात लावायचा, यातला आखूडपणा धोरणाचा आहे. आपला खडक बसाल्टचा. पाणी धरून ठेवणारा झिजलेला थर वरच्या वर असतो, खाली फक्त भेगा. सहाशे फुटांवर लागतं ते फार जुनं साठलेलं पाणी, एका पावसाळ्यात भरून येणारं नाही.

आकडेमोड

कळंबच्या दादांच्या लिहिण्यावरून तमिळनाडूचा एक अभ्यास आठवला, तोही ऊस शेतकऱ्यांवरचाच. मणी, मुल्लैनाथन, शफीर आणि झाव यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला. ४६४ शेतकऱ्यांना दोनदा चाचण्या दिल्या: एकदा तोडणीआधी, हात आखडलेले असताना, आणि एकदा उसाचे पैसे मिळाल्यावर. माणूस तोच, मेंदू तोच, पण तोडणीआधीचे गुण बरेच कमी. पुढे त्यांच्या विश्लेषणावर वादही झाले. तरी प्रश्न उरतोच. देणेकरी दारात उभा असताना डोक्यात जागा किती उरते?

लहान मुलांवरचा एक प्रयोगही इथे लागू पडतो. किड, पामेरी आणि अॅस्लिन, २०१३. "थांबलास तर दोन मिठाया" हा जुना खेळ, पण त्याआधी अर्ध्या मुलांना मोठ्या माणसाने दिलेलं वचन मोडून दाखवलं: चांगले रंग आणतो म्हणाला आणि आणलेच नाहीत. त्या मुलांनी सरासरी तीनेक मिनिटं वाट पाहिली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती बाराएक मिनिटं थांबली. मुलं तेवढीच हुशार होती.

बारववेडा (परभणी)

थोडा इतिहास. आमच्या सेलू तालुक्यात वालूरला बारव आहे, पायऱ्या चक्राकार खाली उतरत जातात. जिंतूरजवळ चारठाण्यातही बारव आहे. संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली, डोंगरातलं पाणी जमिनीखालून फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं. विजेचा संबंध नाही आणि ती शतकानुशतकं चालली. घराघरांत पेव होतं, ज्वारी दोन-तीन वर्षं जमिनीखाली टिकायची. त्या लोकांना उद्या दिसत होता. आपल्याला दिसत नाही. मग काहीतरी घटलं आहे हे मान्य करायलाच हवं.

मांजराकाठ

घटलंय, मान्य. पण फ्लिनचा हिशोब मागे नेत गेलात तर शंभर वर्षांपूर्वीची माणसं आजच्या चाचणीत फारच खाली दिसतात. म्हणजे पेव खणणारे आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे आपले आजी-आजोबा कागदावर "मंद" ठरतील. ते मंद नव्हते हे आपल्याला माहीत आहे. आकृत्यांची कोडी सोडवायचं वळण त्यांना कधी मिळालं नव्हतं, एवढंच. त्यांच्याच हातांनी पाझर तलाव झाले, आणि त्याच दुष्काळातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला. गुण कमी आणि काम पुढच्या पन्नास वर्षांचं.

जिप_शाळा (बीड)

मी धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट राहून गेली आहे असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही सगळे विचारताय की बुद्धी घटल्यामुळे नजर आखूड होते का. मला रोज उलटं दिसतं. आखूड नजरेमुळे लेकरांची बुद्धी खुडली जाते.

दसरा झाला की आमच्या गावातून ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत कारखान्यावर. सोबत लेकरं. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण लहान भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी लागते, मग ती जातेच. पटावर नाव असतं, बाक रिकामा असतो. परत येतात तेव्हा पाडवा आलेला असतो.

चौथीतली एक मुलगी आहे माझ्या वर्गात. मार्चअखेर आली. धडा वाचायला दिला तर जोडाक्षरापाशी अडायची, मग मान खाली. त्याच मुलीकडे एक छोटी वही होती, वडिलांनी ठेवायला दिलेली. उचल किती, रोज किती टन भरला, किती खाडे झाले, एका खाड्याचे किती कापले. सगळं तिच्या अक्षरात. मी विचारलं, अजून किती फिटायचे? वही न उघडता तिने आकडा सांगितला, आणि पुढच्या वर्षी आणखी उचल घेतली तर किती हंगाम लागतील तेही सांगितलं. या मुलीची चाचणी घेतली तर गुण कमीच येतील. आणि गावात सगळ्यात लांबचा हिशोब तीच करते.

तिच्या आईपर्यंत येते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी ऐन तरुण वयातल्या. पाळीत काम बुडलं की खाडा, खाड्याला दंड. यातल्या बायकांना शरीराचं पुढे काय होईल ते कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नका. मी त्यांच्याशी बोलले आहे. त्यांना पुढचं दिसत होतं, पण निवडायला शिल्लक काही ठेवलं नव्हतं.

आता लेकरांच्या डोक्याचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत सुमारे ३५ टक्के खुंटलेली होती, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी. रक्तक्षय सुमारे ६९ टक्के मुलांत. पहिल्या दोन वर्षांत पोट आणि रक्त असं असेल तर मेंदूची वाढही मागे राहते. केनियाच्या एका ग्रामीण भागात १९८४ ते १९९८ मध्ये मुलांचे बुद्धिमापनाचे गुण झपाट्याने वाढल्याचं दिसलं, आणि अभ्यासकांनी आहार, आईबापांचं शिक्षण, लहान कुटुंब अशा गोष्टींकडे बोट दाखवलं. आपल्याकडेही वाढवता येतात. अंगणवाडीत अंडं वेळेवर आलं पाहिजे आणि ताई जागेवर असली पाहिजे. ते केलं नाही तर वीस वर्षांनी कुणीतरी बीडचा आलेख काढेल आणि म्हणेल, बघा, इथल्या लोकांना बुद्धीच कमी.

गोदाकाठचा

बाई, तुमच्या प्रतिसादानंतर "अक्कल कमी" हे शब्द मी तरी या धाग्यात पुन्हा वापरणार नाही. वाचन आणि एकाग्रतेबद्दलची माझी काळजी मात्र कायम आहे. जे पोटभर जेवतात, ज्यांना उचल नाही, खाडा नाही, ज्यांच्या घरात तीन मोबाइल आहेत, त्यांची नजर कशाने आखूड झाली? निर्णय तर तेच घेतात. शहरात नवी सोसायटी झाली की पहिल्या महिन्यात तीन बोअर, आणि पुनर्भरणाचा खड्डा फक्त नकाशात. या लोकांना उद्यावर भरवसा नाही असं म्हणता येणार नाही. मांजराकाठ, तुमच्या मांडणीत हे लोक बसत नाहीत.

मांजराकाठ

खरंय, त्यांच्यासाठी माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की पाणी संपलं तर टँकर विकत घेता येईल, पोरगं पुण्याला जाईल, हा त्यांचा भरवसा पक्का आहे. त्यांचा उद्या या गावात नाहीच. तेही एक कारण असू शकतं.

दुधनेपल्याड (जालना)

कडवंचीचं नाव अजून कसं आलं नाही? आमच्या जालना तालुक्यातलं गाव. १९९६ ते २००२ मध्ये पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नाला. आज द्राक्षं आहेत, शेततळी आहेत, दुष्काळात बागा तगल्या. गावातले लोक आमच्यासारखेच, कुणी वेगळ्या मातीचे नाहीत. फरक एवढाच की काम सगळ्यांच्या रानात एकदम झालं, कुणा एकाने आधी थांबायचं आणि बाकीच्यांनी बघायचं असं झालं नाही.

एक खटकणारी गोष्टही सांगतो. शेततळ्याला प्लास्टिक घालून विहिरीचं पाणी वर आणून भरायचं, हे आता जिल्ह्यात सगळीकडे चाललंय. त्याला जलसंधारण म्हणू नये. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी आपल्या कुंपणात आणून उन्हात ठेवायचं झालं ते.

आकडेमोड

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयावरच्या कामासाठी मिळालं. सामाईक पाणी, कुरणं, जंगल पिढ्यानपिढ्या टिकवणारी गावं त्यांनी जगभर पाहिली. तिथे नियम गावाने स्वतः केलेले असतात, मोजमाप सगळ्यांसमोर होतं, आणि मोडणाऱ्याला आधी लहान, मग मोठा दंड असतो. बुद्ध्यांकाचा उल्लेख लागत नाही.

तेरणामाय

समदं वाचलं. माझं म्हणणं सरळ हाय. पाऊस सरला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडा. विहिरीत दोरी सोडून पातळी मोजा, फळ्यावर लिहा, कुणाचा किती ऊस तेही लिहा. शेजारी एक एकर कमी करत असंल तर मी बी करतो, हरभरा टाकतो. मी एकट्यानं कमी करणार नाही. आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला मी सरपंचाला सांगायलो. दिवाळीनंतर सभा हाय.

जिप_शाळा

दादा, दिवाळीनंतर नका घेऊ. तोवर कोयते गेलेले असतात. तुमच्याकडूनही जातातच. ज्यांच्या घरी फेब्रुवारीत पाणी नसणार तेच सभेत नसतील, आणि ज्यांचे बोअर सहाशे फुटांचे तेच हात वर करतील. सप्टेंबरअखेर घ्या, पातळी तेव्हा मोजता येते.

तेरणामाय

हे ध्यानातच नव्हतं. आमच्या वस्तीवरचे अकरा कोयते जातात. घटस्थापनेच्या आत घ्यायला सांगतो, आणि फळ्यावर त्यांच्या हापशाची पातळी पहिली लिहू.